मोहघाटची नाव कुठे अडत होती

वैनगंगेच्या पूर्वेकडच्या काठावर मोहघाट होता आणि मोहघाटावर डोमा ढिवर होता. आधी नदी आली की आधी डोमा आला, असं कुणी विचारलं तर आसपासच्या पाच गावांतली माणसं थोडा विचार करून उत्तर देत. डोमा विचार करत नसे. त्याच्या मते त्याच्या नावेखालून काहीतरी वाहायला हवं, म्हणून देवानं नदी केली होती.

अंगानं तो वाळक्या बांबूसारखा. हात मात्र असे लांब की उभ्या उभ्या गुडघा खाजवून घ्यायचा. मिशा ओल्या असल्या की खाली वळत आणि वाळल्या की वर जात, त्यामुळे नदीला पाणी किती आहे ते लोक त्याच्या तोंडावरूनच ओळखत. त्याच्या आजानं याच घाटावर नाव चालवली, बापानंही चालवली, आणि तिघांचीही मजुरी एकाच रीतीनं मिळत आली. खळी लागली की पाचही गावांतलं घर न घर डोमाच्या टोपलीत सूपभर धान टाकी, आणि मग वर्षभर ये-जा करी. उतारू मोजायचे नाहीत, कुणाकडे हात पसरायचा नाही. बाजाराच्या दिवशी सकाळी सगळ्या गावांना पल्याड पोचवायचं, म्हणजे तिथून ब्रह्मपुरी चालण्याच्या टप्प्यात; संध्याकाळी परत आणायचं. बस्स.

पण नाव वल्हवण्याचा डोमाला मुळीच अभिमान नव्हता. ते काय, बैलही पोहतो. त्याला अभिमान होता तो उतारू बसवण्याचा.

हे जरा सांगायला हवं. आमच्या झाडीपट्टीत सुनेनं भासऱ्यासमोर, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर, बसायचं नाही. जावयाचा सासूला धक्का लागायचा नाही. व्याही आणि विहीण तर एका सतरंजीवर दिसले तरी गावाला आठवडाभर पुरे. जमिनीवर हे सगळं पाळणं सोपं, कारण जमीन भरपूर आहे. नावेत फळ्या सहा आणि माणसं चाळीस. शिवाय पाचही गावं एकमेकांत लग्नं करून बसलेली. कुणाचा कोण कुठून लागतो हे त्या चाळिसांना ठाऊक नसे, पण डोमाला ठाऊक असे.

"सोनीबाई, तू उठ. तिकडच्या फळीवर जा."

"काऊन? आत्ताच तं बसली."

"हा कोलू आला ना. तो तुह्या पोरीचा मामेसासरा होते."

"हा? मले तं माहीत नाई!"

"तुले माहीत नाई म्हणून का नातं तुटते? उठ."

सोनीबाई वांग्यांची टोपली घेऊन उठे. ती ज्या फळीवर जाई तिथे आधीच कुणाचा तरी जावई असे, म्हणून तो उठे. जावई जिथे जाई तिथून एक सून उठे, आणि सून उठली की तिचं कडेवरचं पोर, पोराच्या हातातलं कोंबडं, सगळंच उठे. एक उतारू आला की एक उतारू बसवायचा, असं डोमाच्या नावेत नव्हतं. एक उतारू आला की सगळी नाव पुन्हा बसवायची. शेवटच्या उतारूपाशी येईपर्यंत पहिला उतारू नावेतल्या सगळ्या फळ्यांवर एकेकदा बसून आलेला असे. आणि सगळे नीट बसले की डोमा दोन पावलं मागे सरून नावेकडे असा बघे, जसा सोनार गाठलेल्या हाराकडे बघतो. मग बांबू उचले.

तेव्हा पन्नासच्या दशकाचा मध्य होता. नाव बाजाराला उशिरा पोचते ही कुरकुर जुनीच होती, पण त्या वर्षी दिवाळीनंतर ती फारच वाढली. धान कापून झालं होतं, लोकांचे हात मोकळे झाले होते, आणि मोकळ्या हातांना बाजार आठवतो. पाचही गावांची माणसं मोहघाटाला लोटू लागली. सोनीबाईची वांगी पोचेपर्यंत कडुलिंबाखालच्या सावलीच्या जागा गेलेल्या असत आणि तिला उन्हात, गुरांच्या बाजाराला लागून बसावं लागे.

एका बाजाराहून परत आल्यावर तिनं टोपली सरळ बापूजी पाटलांच्या ओट्यावर आणून आपटली.

"पहा जी, बापूजी. वांगे गेले तसे वापस आले. अर्धे तं बैलानं खाल्ले."

बापूजी वजनदार माणूस. बसले की ओटा लहान दिसे. त्यांनी एक सुकलेलं वांगं उचलून उलटसुलट पाहिलं आणि डोमाला बोलावणं धाडलं. पाचही गावांची चार जाणती माणसं आधीच जमली होती.

"डोमा," बापूजी म्हणाले, "खालच्या घाटाचा जंगू येऊन गेला. म्हणते, मोहघाट मले द्या, मी सूर्य झाडावर यायच्या आत साऱ्याईले पल्याड नेतो."

"जंगू? त्याच्या नावेत तं परवा सासू अन् जावई पाठीले पाठ लावून बसले होते, बापूजी!"

"बसले होते, पन पोचले होते. आयक. खळे लागेपर्यंत पाहीन. त्याच्या आधीच्या शेवटच्या बाजाराले नाव वेळेवर पोचली तं धान तुह्या टोपलीत. नाई पोचली तं जंगूच्या."

डोमा घरी आला. आजाची नाव, बापाची नाव, आणि आता जंगूची टोपली! त्या रात्री त्यानं जेवताना एकही नातं काढलं नाही, तेव्हा भागीरथेला, त्याच्या बायकोला, समजलं की काहीतरी बिघडलं आहे.

भागीरथा तळ्यातली मासोळी बाजारात विकी. बोलायची कमी, आणि जे बोले तेही मासोळीच्या भावासारखं, एकदा सांगितलं की संपलं. ती म्हणाली, "नाव कुठी अडते, ते तं पहा आधी."

"पाह्याचं काय त्यात? नाव हळू चालते. जोरात चालवाची."

त्या वर्षी ब्रह्मपुरीच्या बाजारात पंचवार्षिक योजनेची रंगीत चित्रं लागली होती. डोमाला वाचता येत नसलं तरी त्यानं तिथून 'सुधारणा' हा शब्द उचलून आणला होता आणि तो वापरायला संधी शोधत होता. आता मिळाली.

पहिली सुधारणा नावेच्या बुडाला झाली. नाव रेतीवर ओढून त्यानं बूड खरवडलं, राळ लावली, वर करंजीचं तेल चोपडलं. "आता पान्याले समजनारच नाई की नाव गेली," असं तो भेटेल त्याला सांगत सुटला. तेल उरलं ते टाकून कसं द्यायचं, म्हणून आतल्या फळ्यांनाही लावलं. त्या बाजाराला फळ्यांवर कुणी ठरेना. माणसं एका बाजूनं बसवली की दुसऱ्या बाजूनं घरंगळत, आणि डोमानं मोठ्या कष्टानं दूर ठेवलेले सासरे-सुना नावेच्या मध्यावर एका ढिगात सापडत. नाव नेहमीपेक्षा उशिरा पोचली.

दुसरी सुधारणा वल्ह्याची. त्यानं सागाचं एवढं मोठं वल्हं घडवलं की ते पाहायला आलापल्लीकडून आलेले दोन लाकूडतोडे थांबले आणि एकमेकांकडे बघून पुढे गेले. पहिल्याच जोरात वल्ह्यानं पाणी हाललं नाही, डोमा हालला. तो नावेतून उडून पाण्यात पडला आणि नाव चाळीस उतारूंसकट एकटीच थोडी पुढे जाऊन त्याची वाट बघत उभी राहिली.

तिसरी सुधारणा म्हणजे खुशाल. खुशाल हा भागीरथेचा भाऊ; डोमा त्याचा भाटवा. अंगात रेड्याचं बळ, पण हे बळ सगळं उजव्या हातात. त्याला एका बाजूला बसवून वल्हं दिलं तेव्हा नाव इतकी जोरात निघाली की काठावरच्या बायका "अगा बाप्पा!" म्हणून उभ्या राहिल्या. नाव गोल फिरली. पुन्हा फिरली. आतल्या म्हाताऱ्यांना मळमळू लागलं.

"खुशाल, डाव्या हातानंही मार ना गा!"

"डावा हात जेवाले ठेवला नाई, भाटवा, तसा वल्ह्यालेही नाई ठेवला."

एवढं करून ऊन नेहमीएवढंच चढलं. घाम मात्र दुप्पट निघाला. संध्याकाळी परतल्यावर सोनीबाईनं बैलानं चावलेलं एक वांगं डोमाच्या हातात ठेवलं आणि गेली. डोमा ते वांगं घेऊन घरी आला आणि चुलीपुढे बसला.

"आता काय सुधरवू?" तो म्हणाला. "नदी अरुंद कराची राह्यली."

"मी पह्यलेच म्हटलं," भागीरथा म्हणाली. "डोकं दुखते का पोट, ते पाहा ना. तुमी अंगभर लेप लावून राह्यले."

वेळ मोजायचा तर कशानं, हा प्रश्न आला. घड्याळ बापूजींकडे होतं, पण ते वर्षातून एकदा, पोळ्याला, चावी दिली की चाले. म्हणून भागीरथा गुणवंतराव जोशींकडे गेली. लग्नाचा मुहूर्त गाठायला गुणवंतरावांकडे घटिकापात्र होतं: पाण्यानं भरलेलं एक घंगाळ आणि त्यात तरंगणारी, बुडाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी. वाटी भरून बुडाली की एक घटका झाली. या वाटीवर पाच गावांची लग्नं लागली होती आणि त्यांतली बहुतेक टिकलीही होती.

"नाव मोजायला घटिकापात्र?" गुणवंतराव म्हणाले. "हे मंगलकार्याचं पात्र आहे, बाई."

"सांजच्याले वाघूर आणून देईन, महाराज. ताजी."

"मी मासोळी खात नाही."

"तुमी नाई, पन घरी मांजरी आहेत ना तीन."

मांजरी गुणवंतरावांच्या जिवाच्या होत्या. दुसऱ्या दिवशी ते घंगाळ घेऊन नावेत बसले, अगदी मध्यभागी, लग्नाला बसावं तसे, उपरणं सावरून. नाव निघाली. पहिली लाट आली आणि वाटी बुडाली. "एक घटका झाली," गुणवंतरावांनी जाहीर केलं. त्यांनी वाटी काढून पुन्हा ठेवली. दुसरी लाट आली. नाव पल्याड लागेपर्यंत इतक्या घटका झाल्या की त्या हिशेबानं सूर्य मावळून कोल्हे ओरडायला हवे होते. गुणवंतरावांनी वर पाहिलं. सूर्य जिथे होता तिथेच होता. त्यांनी सूर्याकडे जरा रागानंच पाहिलं.

"म्हणजे मी हळू चालतो, हे खरं होय," डोमा पडेल आवाजात म्हणाला.

"नाव हालली की वाटी बुडते," भागीरथा म्हणाली. "महाराज काठावर बसतील. तुमी जा."

मग गुणवंतराव मोहाच्या सावलीत बसले आणि डोमा एकटाच निघाला. नावेत ना माणूस, ना कोंबडं. डोमा असा सुटला जशी डबकं फुटल्यावर मासोळी सुटते. पल्याड जाऊन काठाला हात लावून तो परतही आला, आणि वाटी अजून तरंगत होती.

"पाह्यलं!" डोमा नाचू लागला. "पाह्यलं का, महाराज? सांगा बापूजीले! मी जाऊन आलो अन् वाटी बुडाली नाई! चूक माही नाई. चूक बाजाराची होय. बाजार लवकर भरून राह्यला."

"रिकाम्या नावेत बाजाराले कोन जाते?" भागीरथेनं विचारलं.

डोमा नाचता नाचता थांबला.

"माणसं असतील तेव्हा मोजू," ती म्हणाली. "बाजाराच्या दिवशी. जसं रोज होते तसंच होऊ द्या. काही सुधरवू नका."

'काही सुधरवू नका' हे ऐकून डोमाच्या अंगाला काटा आला, पण शेवटचे दोनच बाजार उरले होते.

त्या बाजाराला भागीरथेनं गुणवंतरावांची मोठी वाटी घेतली नाही. एक घटका फार लांब, तिच्यात किती गोष्टी होऊन जातात, म्हणून तिनं घरच्या लहान वाटीला खिळ्यानं भोक पाडलं. ही वाटी एक विडा चघळून होईल तेवढ्यात बुडे. "याला शास्त्राधार नाही," गुणवंतराव म्हणाले, पण वाटीवर नजर मात्र त्यांनीच ठेवली. भागीरथेनं रेतीत तीन रेघा ओढल्या. पहिलीपाशी माणसं चढताना, दुसरीपाशी नाव पाण्यात असताना, तिसरीपाशी माणसं उतरताना. गुणवंतराव "बुडाली!" म्हणाले की त्या घडीला जे चाललेलं असेल त्या रेघेपाशी तिनं एक गोटा ठेवायचा. बाकी काही नाही. कुणाला हटकायचं नाही, कुणाला घाई करायची नाही.

"बुडाली!"

डोमा तेव्हा एका सुनेला उठवत होता. पहिल्या रेघेला गोटा.

"बुडाली!"

सून जिथे गेली तिथला म्हातारा उठत होता. पहिल्या रेघेला गोटा.

"बुडाली!"

म्हातारा विचारत होता, "मंग मी कुठी बसू गा? पान्यात?"

सकाळभर हे चाललं. नाव परतली की पुन्हा तेच. सूर्य मोहाच्या शेंड्यावर आला तेव्हा शेवटची खेप गेली होती आणि रेतीत गोटे मांडलेले होते. दुसऱ्या रेघेपाशी एक ओंजळभर. तिसरीपाशी तर चिमूटभर. आणि पहिल्या रेघेपाशी असा ढीग की एक खारुताई त्याच्यावर चढून पलीकडे पाहत होती.

डोमा संध्याकाळी बाजारची माणसं उतरवून आला आणि ढिगाकडे पाहत उभा राहिला.

"हा कायचा ढीग होय?"

"नाव इथी अडते."

"इथी म्हणजे कुठी? पान्यात?"

"पान्यात नाई. काठावर. तुमी माणसं बसवता तिथी."

डोमाला हसूच आलं. "ते तं कामच नाई होय, बाई! बसवणं का काम होते? नाव वल्हवणं काम होय. बसवणं म्हणजे..." बसवणं म्हणजे काय होतं त्याच्यासाठी, हे त्यानं कधी सांगितलंच नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. उन्हाळ्यात नदी आटली की तो बिनकामाचा ढिवर असे. लोक रेतीतून चालत जात आणि त्याच्याकडे बघतही नसत. पण नावेच्या तोंडाशी उभा राहून "तू उठ, तू इकडे ये" म्हणताना खुद्द बापूजी पाटीलही त्याच्या बोटाकडे बघत. "बसवणं म्हणजे शोभा होय," तो शेवटी म्हणाला. "तुही वाटीच खोटी. भोक मोठं पाडलं तू."

"बरं," भागीरथा म्हणाली. "पाहुणे आलेले पल्याडचे लोक आता वापस जाऊन राह्यले, त्याईची एक खेप बाकी आहे. तुमीच मोजा. गोटे तुमच्या हातानं ठेवा."

"आन नाव कोन भरेल?"

"खुशाल भरेल. तुमी इथून सांगा."

पाहुण्यांची नाव भरू लागली. खुशाल नावेपाशी, डोमा काठावर वाटीसमोर मांडी घालून. दोन उतारू चढले आणि डोमाला राहवलं नाही. "खुशाल! त्या लाल लुगड्यावालीले उठव! तो तिचा भासरा होते!" वाटी बुडाली. डोमानं गोटा ठेवला. "अन् आता तिचा नवरा मधात बसव!" वाटी बुडाली, डोमानं गोटा ठेवला. "तो नाई, अगा! तो तिच्या नणदेचा नवरा!" वाटी बुडे तेव्हा दर वेळी त्याच्या हातात गोटा असे आणि तोंडात कुणाचा तरी भासरा. बरेच गोटे झाल्यावर ओरडता ओरडताच त्याची नजर खाली गेली. त्यानं हातातला गोटा पाहिला. मग ढीग पाहिला. मग तोंड मिटलं, आणि मिशा वाळलेल्या असूनही खाली वळल्या.

खुशाल लांबून ओरडला, "भाटवा, आता कोनाले उठवू?"

"मले," डोमा म्हणाला.

रात्री त्यानं जेवून हात धुतले. मग म्हणाला, "बसवाचं नाई तं का जंगूसारखं कराचं? सासू-जावई पाठीले पाठ? पोरीबाळीले लाज वाटेल असं? मंग धान गेलं तरी चालेल."

"बसवाचं ना," भागीरथा म्हणाली. "पन नावेत नाई. काठावर. नाव पल्याड गेली की मागचे लोक रिकामेच उभे असते. तेव्हाच त्याईची ओळ लावाची, कोन कोनाच्या मागं ते. नाव आली की ओळीनं टोकापासून भरत याचं. मधात कोनाले उठवाचं नाई. मागून जो येईल तो रिकाम्या जागी बसेल, नाई तं पुढच्या खेपेले."

"अन् काठावर ओळ कोन लावेल? मी तं नावेत राहीन."

भागीरथा भांडी घासू लागली. डोमाला उत्तर समजलं आणि ते गिळायला त्याला एक तांब्या पाणी लागलं.

त्या आठवड्यात त्यानं तिला नाती शिकवली. ती काही शिकली, काही शिकली नाही, आणि जी शिकली नाही ती तिनं सरळ पद्धत लावून सोडवली: म्हातारे बाप्ये सगळे मागच्या टोकाला तोंड करून, सुना सगळ्या पुढच्या टोकाला तोंड करून, मधे पोरं आणि टोपल्या. डोमाला ही पद्धत फार ओबडधोबड वाटली. त्यात कौशल्य कुठेच नव्हतं. बैलगाडीत धानाची पोती रचावी तसं.

शेवटचा बाजार आला. भागीरथेनं पहाटेच मासोळीची टोपली बाजूला ठेवली आणि रेतीत ओळ लावली. गुणवंतराव पात्र घेऊन आपणहून आले होते. मांजरींना घाटाच्या मासोळीची सवय लागली होती. नाव भरली आणि सुटली. पुन्हा भरली आणि सुटली. वाटी बुडायला लागली की नाव अर्ध्या नदीत असे. कुणी उठलं नाही, कुणी विचारलं नाही. सोनीबाई तर दुसऱ्याच खेपेत पल्याड गेली आणि जाताना वांगी छातीशी धरून ओरडली, "डोमाभाऊ, मले तं बसल्यासारखंच नाई वाटलं!"

शेवटची खेप भरत आली, तेव्हा बापूजी पाटील आले. एकटे नाहीत. त्यांच्याबरोबर त्यांची विहीण, आशाबाई. पोरीला भेटायला ती मूल गावाहून आली होती आणि आता ब्रह्मपुरीला जाऊन बस धरणार होती. नावेत जागा उरल्या होत्या दोन. एकाच फळीवर. एकमेकींना चिकटून.

बापूजींनी जागा पाहिल्या, विहिणीकडे न बघता बघितलं, आणि डोमाकडे वळले.

"डोमा, उठव बरं कोनाले तरी. इहीनबाईले तिकडं, मले इकडं."

डोमाच्या डोळ्यांपुढे सगळी मांडणी झरकन उभी राहिली: ही सून तिकडे, तो म्हातारा इथे, दोन पोरं मांडीवर, झालं. त्याचं बोट अर्धं वर आलंसुद्धा. पण त्या दोघांसाठी दोन उठतील, आणि दोघांसाठी चार, हे आता त्याला न मोजता दिसत होतं. नाव उशिरा गेली की धान जंगूचं. आणि उठवलं नाही तर धान देणाराच रागावणार. त्यानं काठाकडे पाहिलं. भागीरथा मासोळीची टोपली डोक्यावर घेऊन नावेच्या मागच्या टोकाशी उभं राहायला येत होती. ती त्याच्याकडे बघतही नव्हती.

डोमानं बोट खाली घेतलं.

"बापूजी, जागा तेवढीच आहे. बसा, नाई तं पुढच्या खेपेले या."

"मले म्हणतोस?"

"जी. साऱ्याईलेच म्हणून राह्यलो."

बापूजींच्या मानेवरची शीर फुगली. पण पुढच्या खेपेला थांबणं म्हणजे आपणच नाव उशिरा केली, हे पाच गावांना सांगणं. ते बसले. शेजारी आशाबाई बसली. मधे त्यांनी पागोटं ठेवलं, तिनं पिशवी ठेवली, आणि नाव सुटली.

नदीच्या मध्यावर आशाबाईनं पदर पुढे ओढला आणि पदराआडून बोलू लागली. वर्षभर व्याह्यांना जे सांगायचं होतं ते ओट्यावर कधी सांगता आलं नव्हतं, कारण ते लांब बसत आणि मधे चार माणसं असत. इथे मधे फक्त पागोटं होतं. पोरीला माहेरी का पाठवत नाही? संक्रांतीलाही नाही, दिवाळीलाही नाही? बापूजींना उठून जाता येईना. नावेत उठणं त्या दिवसापासून बंद होतं. ते "हो जी, हो जी" म्हणत राहिले. चाळीस माणसं समोरच्या पाण्याकडे डोळे लावून, कान मात्र मागे ठेवून बसली होती. नाव काठाला लागली तेव्हा संक्रांतीला सून माहेरी जाणार हे पाच गावांना माहीत झालं होतं.

सूर्य अजून झाडांच्या मागेच होता. बापूजी बाजारात पोचले तेव्हा कडुलिंबाच्या गार सावलीत सोनीबाई पाय पसरून बसली होती.

"बापूजी!" तिथूनच ती ओरडली. "यंदा धान कोनाले जी?"

बापूजींनी पागोटं डोक्यावर ठेवलं. त्यांना जंगूचं नाव घ्यायची फार इच्छा होती, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. पण समोर सावली होती, सावलीत वांगी होती, आणि वांगी ताजी होती.

"डोमाले," ते म्हणाले. "पन टोपली भागीरथाबाईनं आणावी. त्याच्या टोपलीत नाई टाकत मी."

आशाबाईची बस त्या दिवशी भरून गेली आणि तिला मागे फिरावं लागलं. संध्याकाळी बाजार उठायच्या कितीतरी आधी बापूजी पल्याडच्या रेतीवर येऊन उभे राहिले. पहिल्याच खेपेला, पहिल्याच जागी, एकट्यानं बसायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. भागीरथा मासोळी विकून आली होती आणि ओळ लावत होती. जरा वेळानं बापूजींच्या मागे कुणीतरी पिशवी ठेवली. त्यांनी वळून पाहिलं. आशाबाई होती.

"भागीरथाबाई," बापूजी हळूच म्हणाले, "एवढी एक जागा बदल ना."

"ओळ लागली जी, बापूजी. मोडली तं उशीर होईल."

"इवाई," आशाबाई पदराआडून म्हणाली, "दिवाळीचं राह्यलंच होतं ना बोलाचं."

बापूजींनी केविलवाण्या नजरेनं नावेकडे पाहिलं. डोमा नावेच्या तोंडाशी उभा होता. त्याच्या पाचही बोटांना काहीतरी करायचं होतं. त्यानं ती बांबूभोवती गच्च आवळली, दोघं एका फळीवर टेकून मागची ओळ बसताच बांबू रेतीत रोवला आणि नाव लोटून दिली.